सॉफ्टवेअर करेल की!

मंडळी, मागचे दोन वीकेंड काही लिहिलं नाही. एक रिलीजने खाल्ला, दुसरा पाहुण्यांनी. आज मात्र सकाळीच चहाचा कप घेऊन बसलोय. एक वाक्य आठवडाभर डोक्यात भुणभुणतंय आणि ते बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही.

वाक्य आमच्या सोसायटीतल्या काकांचं. काका मूळचे नारायणगावचे. मुलाकडे बिबवेवाडीत राहायला येऊन बरीच वर्षं झाली, पण जीव अजून तिकडेच. मार्केटयार्डात नारायणगावचा टोमॅटो काय भावाने गेला, ही बातमी आम्हाला त्यांच्याकडून फुकट मिळते. गेल्या रविवारी पार्किंगमध्ये गाडी पुसत होतो तर काका आले. विषय अर्थातच पुणे-नाशिक रेल्वे.

"त्या खोडदच्या दुर्बिणीपायी आमची गाडी अडली बघा," काका म्हणाले. "तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना? मग रेल्वेची खरखर गाळायचं एक सॉफ्टवेअर लिहून टाका की! फोटोतला नको असलेला माणूस पुसता येतो, गाण्यातला आवाज वेगळा काढता येतो, मग एवढं येत नाही होय तुम्हाला?"

मी म्हटलं, "काका, तितकं सोपं नाहीये ते." काका म्हणाले, "तुम्ही लोक पगार घेताना सगळं सोपं म्हणता." आणि निघून गेले.

काकांना माझा राग नाही. त्यांनी प्रश्न विचारला आणि प्रश्न रास्त आहे. राग आहे तो माझ्याच जातभाईंवर. मंगळवारी ऑफिसात जेवताना हाच विषय काढला तर पंधरा-पंधरा वर्षं कोड लिहिणारी माणसं डबा खाता खाता म्हणाली, "त्यात काय, सॉफ्टवेअर करेल की! एआय लावायचं." आजचा लेख या 'करेल की'च्या विरोधात आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण बिबवेवाडीतल्या बऱ्याच जणांना खोडद म्हणजे सहलीला जायचं ठिकाण एवढंच माहीत असतं. पुण्याहून नाशिकला सरळ रेल्वे नाही. एकतर कल्याणचा वळसा, नाहीतर दौंड-मनमाडचा. म्हणून सुमारे २३५ किलोमीटरचा, ताशी २०० किलोमीटर वेगाचा थेट मार्ग आखला गेला. चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा. पण नारायणगावच्या पूर्वेला खोडदला जीएमआरटी आहे, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने दुर्बिणीचं कारण देऊन हा मार्ग बाजूला ठेवला आणि अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, खेड, संगमनेर या भागात त्यावरून जी चिडचिड झाली ती समजण्यासारखी आहे. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसलेल्या माणसाला न्यूट्रॉन तारे सांगू नयेत.

आता दुर्बीण. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिशेस. त्यातल्या चौदा मध्यभागी दाटीने, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर शेतांमधून, गावांमधून पसरलेल्या. सगळ्यात लांबच्या दोन डिशेसमधलं अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. म्हणजे 'दुर्बिणीला वळसा घाला' म्हणताना एका इमारतीला नव्हे, एका तालुक्याच्या तुकड्याला वळसा घालायचा असतो. ही जागा निवडली त्यामागचं एक मोठं कारण होतं रेडिओ शांतता. डोंगरांचा आडोसा, आणि मोठ्या शहरांपासून पुरेसं अंतर.

आणि ऐकायचं काय असतं? पल्सार. मेलेल्या ताऱ्याचा उरलेला, पंचवीसेक किलोमीटर व्यासाचा गोळा, गरगर फिरणारा. दीपगृहासारखा त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो आणि एक टिक ऐकू येते. ही टिक किती क्षीण? हिशोब कुणालाही करता येईल. एक वॅटचा जुना जीएसएम मोबाइल, २०० किलोहर्ट्झच्या चॅनेलवर बोलणारा, चंद्रावर नेऊन ठेवा. ३ लाख ८४ हजार किलोमीटर. तिथून तो बोलला तर पृथ्वीवर त्याची तीव्रता भरते सुमारे २७० जान्स्की (जान्स्की हे रेडिओ खगोलशास्त्राचं माप). आणि हल्ली नव्याने सापडणारे पल्सार एक मिलिजान्स्कीच्या आगेमागे, पुष्कळदा त्याहून मंद. म्हणजे चंद्रावरचा तो फोन पल्सारपेक्षा अडीच लाख पटींहून जास्त झगझगीत! आता तो चंद्रावरून काढून नारायणगावच्या स्टेशनावर आणा.

कुणी म्हणेल, फोन ज्या पट्ट्यात बोलतो तिथे दुर्बिणीने बघू नये. बरोबर, शक्यतो बघतही नाहीत. पण विजेची ठिणगी कुठल्या पट्ट्यात बोलायचं ते विचारून उडत नाही. रेल्वेच्या पँटोग्राफवर, हाय टेन्शनच्या सैल जोडावर, गंजलेल्या इन्सुलेटरवर ठिणगी उडाली की ती एकदम सगळीकडे खरखरते. लहानपणी आई मिक्सर लावायची तेव्हा बाबांच्या ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या कशा गायब व्हायच्या, आठवतंय? तेच. फक्त इथे बातम्या देणारा हजारो प्रकाशवर्षं लांब आहे आणि बातमी पुन्हा सांगत नाही.

असो. आता सॉफ्टवेअरकडे येऊ.

पहिली गोष्ट, सॉफ्टवेअर नाहीये असं नाही. आहे, उत्तम आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या पुण्यातलं आहे याचा अभिमान वाटावा असं आहे. पाषाणच्या अलीकडे विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए आहे. तिथल्या आणि खोडदच्या मंडळींनी दुर्बिणीच्या डिजिटल यंत्रणेतच एक फिल्टर बसवलाय, जो सिग्नल येता येता ठिणग्या ओळखतो. युक्ती सुंदर आहे. सरासरी न घेता मध्यक घ्यायचा. आमच्या विंगमधल्या नऊ नोकरदारांत दहावा बिल्डर राहायला आला तर सरासरी उत्पन्न कुठल्या कुठे जातं, पण मधल्या माणसाचं उत्पन्न हलत नाही. तसंच, एखाद्या क्षणी ठिणगी उडाली तरी मध्यक जागचा हलत नाही, म्हणून 'हा क्षण बिल्डर आहे' हे चटकन कळतं. नंतर पकडण्यापेक्षा हे सुरुवातीलाच पकडलेलं बरं, कारण ठिणगी फार थोडा वेळ टिकते. एकदा ती पुढच्या गणितात मिसळली की थोड्या वेळाची घाण जास्त वेळात पसरते.

दुसरं, 'आरएफआयक्लीन'. योगेश मान आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याच्यावर पेपर लिहिला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक आवर्तन. तारेवरची ठिणगी दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत उडाली तर दर दहा मिलिसेकंदांनी. आता नियमित टिकटिक करणारं आणखी कोण? पल्सार! म्हणजे चोर आणि साव दोघांचे कपडे सारखे. हे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रिक्वेन्सी चॅनेल वेगळा घेऊन, छोट्या छोट्या तुकड्यांत त्याचं फूरिए रूपांतर करून, जी आवर्तनं बटबटीत दिसतात ती कापतं. पल्सार एका चॅनेलच्या एका तुकड्यात इतका मंद असतो की तो तिथे दिसतच नाही, म्हणून वाचतो. त्याची ताकद सगळे चॅनेल जुळवल्यावर कळते. जिथे व्यत्यय जबर असेल तिथे या पद्धतीने संवेदनशीलता दहापटीहून जास्त वाढू शकते असं त्या पेपरात दाखवलंय. दहापट! टाळ्या वाजवाव्यात असंच काम आहे.

तिसरं, जयंत रॉय आणि सहकाऱ्यांची २०१८ ची पद्धत. डिशेसचे सिग्नल सरळ बेरजेत टाकण्याऐवजी आधी जोडीजोडीने पडताळायचे, आणि प्रत्येक डिशचा स्वतःशीच झालेला गुणाकार वगळायचा. एकाच डिशला ऐकू आलेली खरखर त्यात बरीच गळते.

मग मी तक्रार कशाची करतोय? ही सगळी मंडळी जे करतात ते 'साफ करणं' नाहीये, ह्याची. ते आहे फेकून देणं. शहाणपणाने, मोजून मापून, जिवावर येऊन फेकून देणं. आपण वापरतो तो शब्दच फसवा आहे. भांडं साफ केलं की भांडं उरतं. इथे घाण लागलेल्या भांड्याचा तेवढा तुकडाच कापून टाकावा लागतो. तुकडे कमी असले तर भांड्यातून अजून पाणी पिता येतं. जास्त झाले की चाळणी.

काकांचा फोटोवाला प्रश्न इथे उत्तर मागतो. फोटोतला नको असलेला माणूस पुसता येतो तेव्हा त्याच्या मागची भिंत परत मिळत नाही. सॉफ्टवेअर आजूबाजूचं बघून भिंत रंगवतं. लग्नाच्या फोटोत चालतं, कारण भिंत कुणाला हवी असते? खगोलशास्त्रात आपल्याला नेमकी भिंतच हवी असते. तिथे अंदाजाने भिंत रंगवली तर त्याला साफसफाई म्हणत नाहीत, बनावट दस्तऐवज म्हणतात.

आणि हे सगळं झालं सिग्नल आकड्यांत आल्यानंतरचं. त्याच्या आधी काय? डिशवरचा ॲम्प्लिफायर कुजबूज ऐकायला बनवलेला असतो. कानाशी कुणी भोंगा लावला की तो गांगरतो आणि दोन आवाज मिसळून असे तिसरेच आवाज काढतो, जे बाहेर नव्हतेच. मग सिग्नल जातो अंकीकरणाला. समजा आठ बिट आहेत. म्हणजे २५६ पायऱ्या. पल्सारची कुजबूज खालच्या दोन-चार पायऱ्यांवर खेळतेय आणि शेजारून गाडी गेली. सिग्नल सगळ्यात वरच्या पायरीला डोकं आपटून थांबला. त्या क्षणी वरची पायरी एवढीच नोंद झाली. खाली काय चाललं होतं ते कुठल्याही फाइलमध्ये नाही, कुठल्याही डिस्कवर नाही. जे नोंदलंच गेलं नाही ते कुठला अल्गोरिदम काढणार? हे समजायला खगोलशास्त्र लागत नाही. ओव्हरफ्लो झालेला इंटिजर परत आणता येत नाही हे आपण पहिल्या वर्षाला शिकलो. ऑफिसच्या कँटीनमध्ये का विसरलो?

मी हे पुस्तकातलं वाचून सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात, शनिवार-रविवार दुसरं काही सुचेना तेव्हा मी स्वतः एक साफसफाईवाला लिहायला घेतला होता. सिगप्रॉक नावाच्या जुन्या संचात खोटा पल्सार बनवायचा एक छोटा प्रोग्रॅम येतो. त्याने डेटा बनवला, वरून माझी स्वतःची घाण ओतली. आता पल्सारच्या सिग्नलची एक खूण असते. ताऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉन्समुळे कमी फ्रिक्वेन्सी मागे रेंगाळते. मध्यम अंतरावरच्या पल्सारसाठी (डिस्पर्शन मेजर ५० धरा) ५०० आणि २५० मेगाहर्ट्झच्या पोचण्यात जवळजवळ अडीच सेकंदांचा फरक पडतो. जमिनीवरची ठिणगी मात्र सगळ्या चॅनेलवर एकदमच येते. म्हणून एक सोपी युक्ती वापरतात, जी इटफ, कीन आणि लाइन यांनी २००९ मध्ये मांडली होती. प्रत्येक क्षणी सगळ्या चॅनेलची सरासरी काढून वजा करायची. जे एकदम आलं ते गेलं, जे रेंगाळत आलं ते राहिलं. मी तेच लिहिलं. वीस ओळी. चालवलं. आलेख इतका स्वच्छ आला की बायकोला बोलावून दाखवला.

तासाभराने लक्षात आलं की खोटा पल्सारही गायब आहे.

मी त्याला पाच सेकंदांचं आवर्तन दिलं होतं, ०.४ सेकंद रुंदीची टिक, आणि जवळचा म्हणून डिस्पर्शन मेजर फक्त ५. म्हणजे पूर्ण पट्ट्यात त्याचं रेंगाळणं पाव सेकंद. टिक स्वतःच त्याहून रुंद! माझ्या वीस ओळींच्या लेखी तो सगळीकडे जवळजवळ एकदमच आला होता. म्हणून ठिणगी समजून वजा. प्रोग्रॅममध्ये बग नव्हता. त्याने सांगितलं तेच केलं. आणि माझा पल्सार खोटा होता, मीच टाकलेला, म्हणून तो हरवल्याचं मला कळलं. खरा असता तर? मी तो सुंदर आलेख भिंतीवर लावला असता आणि आयुष्यभर म्हणालो असतो, "त्या दिशेला काही नाही बुवा."

या प्रकारातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे, मंडळी. इथे चूक बोंब मारत नाही. आपल्या धंद्यात सर्व्हर पडला की रात्री दोनला फोन वाजतो. इथे एक तारा कायमचा हरवतो आणि स्क्रीनवर येतं, 'यशस्वीरीत्या पूर्ण'.

इतिहास बघा. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी मीटरच्या मीटर कागदी पट्ट्या डोळ्यांनी वाचत होती. तिला एका ठिकाणी जराशी खरबडीत रेघ दिसली. ताऱ्यासारखी नाही, आणि माणसाने केलेल्या व्यत्ययासारखीही नाही. तिने ती फेकली नाही. पुन्हा पुन्हा बघितली. ती रेघ घड्याळाच्या वेळेवर येत नव्हती, ताऱ्यांच्या वेळेवर येत होती. दर १.३३७ सेकंदांनी टिक. पहिला पल्सार! (नोबेल १९७४ मध्ये तिच्या गाइडला मिळालं, पण तो वेगळा लेख होईल.) आजचा 'एआय लावायचं'वाला माणूस तिथे असता तर त्याच्या मॉडेलने त्या रेघेला काय म्हटलं असतं? त्याला शिकवताना तारे दाखवले असते आणि व्यत्यय दाखवला असता. तिसरं काही जगात असतं हे दाखवायला तेव्हा कुणाकडेच काही नव्हतं.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सचं. तिथल्या २००१ च्या नोंदींत २००७ साली लॉरिमर आणि मंडळींना एक एकुलता एक, प्रचंड ताकदीचा स्फोट सापडला. आज ज्यांना फास्ट रेडिओ बर्स्ट म्हणतात त्यातला हा पहिला. सहा वर्षं तो डिस्कवर पडून होता, कुणी डिस्क साफ केली नाही म्हणून सापडला. मग त्याच दुर्बिणीवर तसेच दिसणारे दुसरे सिग्नल मिळाले, जे नक्की जमिनीवरचे होते, पण रेंगाळत यायचे, अगदी दूरच्या ताऱ्यासारखे! माझ्या वीस ओळींनी त्यांना सन्मानाने आत घेतलं असतं. खरा स्फोटसुद्धा मग संशयात सापडला. उलगडा झाला २०१५ मध्ये. मायक्रोवेव्ह ओव्हन! वेळ पूर्ण व्हायच्या आत कुणी दार उघडलं की तो एक भपकारा सोडायचा. शोध कसा लागला? व्यत्यय मोजणारा वेगळा रिसीव्हर बसवून, आणि माणसांनी खरोखर ओव्हनची दारं उघडून बघून. सॉफ्टवेअरने शंका घेतली, निकाल मात्र स्वयंपाकघरात लागला.

आणि तिसरं उदाहरण घरचं. खोडदच्या दुर्बिणीवर दक्षिण आकाशाचं एक पल्सार सर्वेक्षण चालतं, जीएचआरएसएस नावाचं. त्याच्या डेटावर २०२२ मध्ये वेगळ्या शोधपद्धतीने पुन्हा हात फिरवला तेव्हा नेहमीच्या फूरिए शोधातून निसटलेले, सावकाश फिरणारे पल्सार मिळाले. सावकाश फिरणारे म्हणजे तेच, जे माझ्यासारखे हौशी साफसफाईवाले पहिल्यांदा बळी देतात. २०१८ मध्ये युरोपातल्या लोफारला २३.५ सेकंदांचा पल्सार मिळाला. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातून दर अठरा मिनिटांनी चमकणारं काहीतरी जाहीर झालं. हे प्राणी असू शकतात असंच फारसं कुणाला वाटत नव्हतं. जे असू शकत नाही असं वाटतं, ते फिल्टर सगळ्यात आधी कापतो.

आपण स्वतः काही धुतल्या तांदळाचे नाही. मागे एका ठिकाणी (नाव नको) मी लॉगमधला 'कचरा' गाळायचं काम केलं होतं. दररोज तेच तेच इशारे यायचे, लोक वैतागले होते. मी ते गाळले, शाबासकी मिळवली. तीनेक महिन्यांनी स्टोरेज बसलं आणि दोन दिवस काम ठप्प. पोस्टमॉर्टेममध्ये निघालं की डिस्क आठवडाभर आधीपासून कण्हत होती. त्या ओळी मी गाळत होतो. आणि गाळलेलं कुठे ठेवलं होतं? कुठेच नाही. त्या दिवसापासून 'नॉइज' हा शब्द मी जपून वापरतो. नॉइज म्हणजे ज्याचा अर्थ आपल्याला अजून लागला नाही तेही असू शकतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आणि ते दोघांना आहे.

एक, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना. फेकायचंच आहे तर काय फेकलं त्याची नोंद ठेवा. कच्चा डेटा कायमचा ठेवणं महाग आहे, मान्य. ४०९६ चॅनेल, दर ८१.९२ मायक्रोसेकंदांना एक नोंद, प्रत्येकी एक बाइट धरला तर सेकंदाला पाच कोटी बाइट, तासाला १८० जीबी! पण कुठल्या चॅनेलचा कुठला तुकडा कापला याची यादी त्यापुढे किरकोळ असते, ती तरी टाकू नका. आणि फिल्टर वापरात आणायच्या आधी त्यात खोटे पल्सार टाका, वेगवान, मंद, जवळचे, लांबचे. मग किती घाण गेली याच्या शेजारी किती पल्सार मेले तेही छापा. आलेख किती सुंदर आला हे सांगू नका, सुंदर आलेख मीही काढला होता. जाणकार मंडळी हे करतातच. आरएफआयक्लीनमध्ये ओळखीच्या पल्सारची वारंवारता आधी सांगून त्याला वाचवायची सोय आहे, ती कुणीतरी असाच हात पोळल्यावर घातली असणार. प्रश्न आहे तो 'एआय लावायचं'वाल्यांचा.

दोन, 'सॉफ्टवेअर करेल की' म्हणून खोडदची शांतता विकायला काढणाऱ्यांना. सॉफ्टवेअर ही शेवटची फळी आहे, पहिली नव्हे. पहिली फळी म्हणजे ठिणगी जिथे उडते तिथे जाऊन तो जोड घट्ट करणं. गोविंद स्वरूपांनी स्वतः विजेच्या तारांच्या व्यत्ययावर लिहिलंय, एवढ्या मोठ्या माणसाला तारेवरचा सैल जोड हा अभ्यासाचा विषय वाटत होता. आणि धोका वाढतोय. जुनी जीएमआरटी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा बघायची, त्यातल्या त्यात शांत कोपरा निवडता यायचा. सुधारित दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झपर्यंत बघते. डोळे मोठे केले की धूळही जास्त जाते. वरून उपग्रह आलेच. २०२३ मध्ये लोफारने दाखवलं की स्टारलिंकच्या उपग्रहांचं इलेक्ट्रॉनिक्स, बोलायचं नसतानाही, ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गुणगुणतं, आणि २०२४ मध्ये दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांची गळती ३२ पटींपर्यंत जास्त भरली. त्यांना इथून कुणी थांबवू शकत नाही. निदान जमिनीवरचं तरी आपल्या हातात आहे. २०२३ च्या जूनमध्ये विश्वात सगळीकडे गुणगुणणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर झाल्या, त्यात युरोपच्या जोडीने आपल्या खोडदच्या नोंदी होत्या. ते काम मायक्रोसेकंद मोजत वर्षानुवर्षं पल्सार ऐकण्याचं आहे. त्याला 'बघू, पॅच देऊ' चालत नाही.

मग जुन्नरच्या लोकांनी काय करायचं? हा प्रश्न टाळून लेख संपवला तर मी लबाड ठरेन. शांततेची किंमत आजवर तिकडच्या गावांनी दिली आहे आणि फायदा जगाने घेतला आहे. आमच्या बिबवेवाडीत कुणी म्हटलं की 'ताऱ्यांसाठी तुमच्याकडे रेल्वे नको' तर अप्पर-सुपरपासून गंगाधामपर्यंत मोर्चा निघेल, आणि मी त्यात पुढे असेन. तेव्हा दुर्बिणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी 'विज्ञान महत्त्वाचं' एवढं बोलून थांबू नये. वळसा घालणारी रेल्वे लवकर मागावी, तिला जोडणारे चांगले रस्ते मागावेत, त्या पट्ट्यातल्या विजेच्या तारा उत्तम करून मागाव्यात. चांगली तार दुर्बिणीलाही हवी आहे आणि शेतकऱ्याच्या मोटारीलाही! तडजोड करायचीच असेल तर नकाशावर करू. नकाशावरची रेघ हलवता येते. डेटातलं भोक बुजवता येत नाही.

काल संध्याकाळी काका पुन्हा भेटले. त्यांना वरचं सगळं सांगितलं नाही, फक्त वरच्या पायरीला डोकं आपटण्याची गोष्ट सांगितली. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पाटाला भगदाड पडून पाणी गेलं, तर नंतर कितीही चांगला पंप आणला तरी उपयोग नाही. असंच ना?"

मी म्हटलं, "अगदी तसंच, काका."

"मग हे तुमच्या ऑफिसातल्यांना सांगा," काका म्हणाले. "आणि आमची गाडी कुठून का होईना, लवकर सुरू करायला सांगा."

पहिलं काम या लेखाने केलं. दुसऱ्याचं बघतो :-)